कारचं सेंट्रल लॉक बदलताय? या चुका टाळा

मे महिन्यात परभणी, नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात मागच्या सीटवर लेकरू बसलेलं आणि दरवाजा आतूनही उघडेना, बाहेरूनही उघडेना, ही वेळ कुणावरही येऊ नये. म्हणून एखाद्या दरवाजाचं लॉक कधी लागतं, कधी लागत नाही, असं सुरू झालं की ते अंगावर काढू नका. मात्र लॉक हलवणारी दरवाजातली छोटी मोटर लगेच नवी आणायलाही धावू नका. गॅरेजमध्ये काढून टाकलेल्या मोटरी तपासल्या तर त्यातल्या बऱ्याच ठणठणीत निघतात. दोष दुसरीकडेच असतो.

तपासल्याशिवाय मोटर बदलणं

चारही दरवाजे एकदम बंद पडले तर चार मोटरी एकाच दिवशी गेल्या असं होत नाही. आधी फ्यूज पाहा, मग रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), मग ड्रायव्हरच्या दरवाजातला स्विच. बटणानं लॉक होतं पण रिमोटनं होत नाही, तर रिमोटचा सेल बदला. मागचा दरवाजा बाहेरून उघडतो आणि आतून नाही, तर दरवाजाच्या कडेला असलेला चाइल्ड लॉकचा खटका पाहा. गाडी धुताना तो कधी कधी सरकतो.

एकाच दरवाजाची तक्रार असेल तर दरवाजाच्या आतल्या पॅडला (आवरणाला) कान लावा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण लॉकची खुंटी हलत नाही, म्हणजे मोटर आणि लॉक जोडणाऱ्या रॉडची प्लास्टिकची क्लिप निघाली आहे किंवा मोटरच्या आतले दाते झिजलेत. क्लिप अगदी किरकोळ वस्तू, तेवढ्यासाठी अख्खी मोटर घेऊ नका. आवाजच येत नसेल तर करंट पोहोचतो का, हा प्रश्न.

इथे बहुतेकांची नजर जात नाही ती जागा म्हणजे बिजागरीजवळची काळी रबरी नळी. दरवाजाच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि दरवाजा उघडला-लावला की दर वेळी तिथेच वाकतात. रबर मागे सारा आणि एकेक वायर हलक्या हातानं ओढा. चांगली वायर ताणली जात नाही. आत तुटलेली वायर रबरासारखी लांबते, कारण वरचं आवरण शाबूत असतं आणि आतलं तांबं केव्हाच सुटलेलं असतं. सोलून पाहिलं की तांबं हिरवट-काळं पडलेलं दिसतं. तिथे नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका, थोड्याच दिवसांत पुन्हा तुटेल. नवा तुकडा टाकून सोल्डर करा, वर श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) घाला आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून लांब ठेवा.

नुसत्या मल्टीमीटरवरही विसंबू नका. वायरीत एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतं, आणि मोटरचा भार आला की व्होल्टेज बसतं. म्हणून कपलर (मोटरला वायरी जोडणारा प्लग) काढून मोटरच्या दोन वायरींमध्ये बल्बचा टेस्टर लावा. लॉक आणि अनलॉक, दोन्ही वेळा बल्ब क्षणभर लख्ख पेटला तर वायरिंग ठीक आहे, मोटर गेली. नव्या गाड्यांत कपलरला जास्त पिना असतात. तिथे वायरिंग डायग्रॅम पाहिल्याशिवाय टेस्टर लावू नका.

अंदाजानं पार्ट मागवणं

जुन्या गाड्यांत मोटर वेगळी मिळते, बऱ्याच नव्या गाड्यांत ती कॅचच्या (दरवाजा धरून ठेवणाऱ्या खटक्याच्या) आतच असते आणि अख्खा सेट घ्यावा लागतो. डावा-उजवा, पुढचा-मागचा, चारही वेगळे. मंठा किंवा किल्लारीच्या माणसाला पार्ट जालन्याहून, लातूरहून आणावा लागतो, चुकीच्या बाजूचा आला की सगळा दिवस गेला. चॅसिस नंबर सांगून मागवा, जमलं तर जुना पार्ट सोबत न्या.

बाजारातली साधी मोटर दोन वायरींची आणि पाच वायरींची अशी दोन प्रकारांत येते. पाच वायरींची ड्रायव्हरच्या दरवाजासाठी असते: दोन मोटरच्या, तीन स्विचच्या. तिथे दोन वायरींची बसवली तर किल्लीनं तेवढाच दरवाजा लॉक होतो, बाकीचे तसेच राहतात. आणि मोटरचा रॉड लॉकच्या रॉडशी सरळ रेषेत हवा. तिरका बसला की अडकतो आणि नवी मोटर जळते.

पॅड ओढून काढणं

हँडलच्या वाटीत, आर्मरेस्टखाली, आरशाच्या तिकोनी झाकणामागे स्क्रू लपलेले असतात. ते सगळे काढल्यावरच पॅडला हात घाला. उन्हानं कडक झालेल्या क्लिपा स्क्रू ड्रायव्हरनं उचकटल्या की तुटतात, प्लास्टिकची पट्टी वापरा. काच पूर्ण वर ठेवा, किल्ली खिशात ठेवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअरबॅगची गाडी असेल तर त्यानंतर दहा मिनिटं थांबा, काही गाड्यांत दरवाजातही सेन्सर असतो. आत हात घालताना हातमोजे हवेतच, पत्र्याची कड सुरीइतकी कापते.

न तपासता दरवाजा लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नवं लॉक बसलं, आणि उत्साहात दरवाजा धाडकन लावला. एखादा रॉड जोडायचा राहिला असेल किंवा केबल उलटी बसली असेल, तर तो दरवाजा आता उघडत नाही.

दरवाजा उघडाच ठेवा. स्क्रू ड्रायव्हरनं कॅच दाबून बंद करा, जणू दरवाजा लागला आहे. मग बाहेरचं हँडल ओढा, कॅच सुटला पाहिजे. पुन्हा दाबा, आतलं हँडल ओढा. पुन्हा दाबा, लॉक करा, आता बाहेरच्या हँडलनं तो सुटता कामा नये. बॅटरी पुन्हा जोडून किल्ली आणि रिमोट दोन्ही तपासा. यातलं एकही चुकलं तर पॅड बसवू नका.

दरवाजा अडकलाच तर पहार लावू नका, पत्रा वाकेल आणि रंग जाईल. एकानं आत बसून अनलॉकचं बटण सतत दाबत राहायचं, दुसऱ्यानं त्याच वेळी बाहेरून दरवाजा आत रेटत हँडल ओढायचं. दाब कमी झाला की बऱ्याचदा कॅच सुटतो.

तेल ओतणं आणि प्लास्टिक फेकणं

आपल्याकडच्या फुफाट्यात कॅचमध्ये इंजिन ऑइल सोडणं म्हणजे लॉकचा जीव घेणं. धूळ आणि तेल मिळून चिकट राड होते. जुना थर ब्रशनं साफ करा, कॅचला पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावा, किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड टाका.

पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडून फेकू नका. पावसाचं पाणी काचेच्या कडेनं दरवाजात उतरतंच, हा कागद ते आतल्या बाजूला येऊ देत नाही आणि धूळही अडवतो. फाटला असेल तर जाड प्लास्टिक कापून ब्यूटाइल टेपनं (चिकट रबरी पट्टीनं) चिकटवा. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती काळ्या मातीनं बुजलेली असतात. काडी घालून मोकळी करा, वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली गळतं का पाहा, आणि मगच पॅड बसवा.