पिल्लाचं अंथरूण हॉलमध्ये: बेडरूमबाहेर झोपायची सवय लावताना

घरी आणलेलं ८-९ आठवड्यांचं पिल्लू त्या दिवसापर्यंत एकही रात्र एकटं झोपलेलं नसतं. आई, भावंडं, त्यांची ऊब, त्यांचे श्वास, या सगळ्या ढिगात अंग घुसवून ते झोपायचं. पहिल्याच रात्री त्याला हॉलमध्ये ठेवून बेडरूमचं दार लावून घेतलं, तर ते रडणारच. कळपातून मागे राहिलेलं पिल्लू आईला हाक मारतं, तशीच ही हाक असते. तिला कुणीच ओ दिली नाही की पिल्लू थकून गप्प होतं, पण त्यातून ते काही शिकत नाही. ती जागा भीतीची आहे एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवतं.

म्हणून या कामाचा एकच मुख्य नियम सांगायचा तर तो असा: पिल्लाची झोपायची जागा पहिल्या दिवसापासून कायम ठेवा आणि अंतर वाढवायचं ते तुमचं वाढवा. अनेक घरांत याच्या उलट होतं. पिल्लू आधी पलंगाशेजारी झोपतं, मग त्याची टोपली दारापर्यंत, मग दाराबाहेर सरकते. तशीही सवय लागते, पण दर दोन दिवसांनी पिल्लाला नवी जागा, नवा वास आणि नवे आवाज यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं, त्यात वेळ जातो. शिवाय बेडरूम हे आपलंच घर आहे असं एकदा त्याच्या मनात बसलं, की तिथून बाहेर काढणं दुप्पट अवघड. त्यापेक्षा दोन आठवडे आपली गादी हॉलमध्ये टाकावी.

जागा आणि सामान

जागा अशी निवडा की तिथून बेडरूमचं दार दिसेल. मुख्य दाराजवळची जागा नको. लिफ्टचा आवाज, पहाटे साडेपाचला दूधवाला, मग पेपरवाला, यांनी पिल्लू जागं होतं ते पुन्हा झोपत नाही. रस्त्याकडची खिडकीही टाळा, कारण रात्री बाहेरची कुत्री भुंकली की हेही उठून उत्तर देऊ लागतं. बाल्कनी आणि गच्ची यांचा तर विचारही नको. ग्रिलच्या फटीतून लहान पिल्लू सहज निसटतं.

जाळीचा पिंजरा, म्हणजे क्रेट, घेणार असाल तर मोठेपणीच्या मापाचा घ्या आणि आतला आडोसा लावून जागा कमी करा. ढोबळ माप असं: शिह त्झूला २४ इंच, बीगलला ३०, मध्यम अंगाच्या देशी कुत्र्याला ३६, लॅब्रेडॉरला ४२. पिल्लाला उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून पडता यावं, इतकीच जागा मोकळी ठेवा. जास्त जागा मिळाली तर ते एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात निवांत झोपतं आणि शी-शूची शिस्त तिथेच मोडते. क्रेट नको असेल तर जाळीचं कुंपण चालेल, किंवा पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरता एका बाजूने कापलेला मोठा खोकासुद्धा. साखळीने मात्र बांधू नका. झोपेत पाय अडकतात, गळ्याला फास बसू शकतो.

अंथरायला जुन्या सुती साडीची गोधडी उत्तम, धुवायला सोपी आणि हवेशीर. पण तिचे धावदोरे आधी तपासा. सुटलेला दोरा पिल्लू चघळत गिळतं, आणि पोटात गेलेला लांब दोरा आतडी गोळा करतो. मग शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. दोरे उसवलेली गोधडी असेल तर साधी जाड चादर चारपदरी घालून टाका. पिल्लू आणायच्या ४-५ दिवस आधी एक कापड त्याच्या आईजवळ ठेवायला देता आलं तर जरूर द्या. त्या वासाचा पहिल्या आठवड्यात फार उपयोग होतो.

थंडीत नाशिक-पुण्याकडची फरशी रात्री गारठते, तेव्हा गोधडीखाली गोणपाट किंवा लाकडी पाट हवा. पावसाळ्यात अंथरुणाचे दोन संच ठेवा. ओलसर कापडावर झोपून पोटाला पुरळ उठतं, त्याची खाज पिल्लाला रात्रभर झोपू देत नाही, आणि आपण समजतो की ते एकटेपणाने रडतंय. डासांसाठी क्रेटवर मच्छरदाणी टाका. कॉइल नको, ती जमिनीवर जळते आणि पिल्लाचं नाकही तिथेच असतं. उरला बेडरूमच्या दारातला सेफ्टी गेट: लहान मुलांसाठी मिळतो तोच, साधारण ३० इंच उंचीचा, पिल्लाचं डोकं अडकणार नाही इतक्या जवळ गज असलेला.

दिवसाची तयारी रात्रीपेक्षा महत्त्वाची

या वयाचं पिल्लू दिवस-रात्र मिळून १८ ते २० तास झोपतं. म्हणजे दिवसा ५-६ डुलक्या होतात, आणि प्रत्येक डुलकी म्हणजे सरावाची एक संधी. ते पेंगायला लागलं की उचलून त्याच जागी ठेवा. सोफ्यावर, मांडीवर, दारातल्या पायपुसण्यावर झोपलेलं पिल्लू कितीही गोड दिसलं तरी झोप त्याच जागी. जेवणाची वाटीही तिथेच ठेवा. वाटाण्याएवढे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे दिवसातून आठ-दहा वेळा तिथे गुपचूप टाकून ठेवा, म्हणजे पिल्लू आपणहून तिकडे चक्कर मारायला लागेल. ते आत शिरताना एकच शब्द वापरा, "जागेवर". घरात एकाने "जागेवर", दुसऱ्याने "आत जा", तिसऱ्याने "चल झोप" म्हटलं तर त्याला एकही शब्द कळत नाही.

मग दूर जाण्याचा सराव. पिल्लू जागेवर काहीतरी चघळत असताना तुम्ही उठा, दोन पावलं जा, परत या. मग ५ सेकंद, १० सेकंद, अर्धा मिनिट. मग बेडरूममध्ये जाऊन या. मग बेडरूमचं दार लावून लगेच उघडा. परत आल्यावर कौतुकाचा गजर नको, जणू काही घडलंच नाही. दाराच्या कडीचा आवाज ऐकून पिल्लू मान वर न करता चघळत राहिलं, तर त्या एका खुणेवरून समजा की अर्धं काम झालं. चघळायला पोकळ रबरी खेळणं घ्या, त्यात मीठ-फोडणी नसलेला दहीभात किंवा उकडलेलं रताळं भरून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेलं खेळणं वीसेक मिनिटं सहज पुरतं.

संध्याकाळचं वेळापत्रक

झोपायची वेळ साडेदहा धरली तर शेवटचं जेवण साडेसातला. नऊच्या सुमारास पिल्लू घरभर सैरावैरा पळतं, चावतं, पडदे ओढतं. पुष्कळ लोक याला उत्साह समजून आणखी खेळवतात, पण खरं तर ते अतिथकलेलं असतं. खेळ पावणेनऊलाच संपवा, नंतर फक्त चघळणं आणि शांतता. पाण्याची वाटी झोपण्याआधी तासभर उचलली तर चालते, पण फेब्रुवारीनंतर, आणि विदर्भ-मराठवाड्यात तर नक्कीच, पाणी रात्रभर ठेवा. एक शू जास्त झाली तर पुसता येते. झोपण्याच्या अगदी आधी एकदा शू करवून आणा.

लसीकरण पूर्ण झालेलं नसेल तर रात्रीच्या शूसाठी सोसायटीच्या आवारात नेऊ नका. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जुलाब-उलटीचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. बाथरूमच्या कोपऱ्यात किंवा बाल्कनीत वर्तमानपत्र किंवा गवताचा तुकडा ठेवा.

रात्री

पहिल्या तीन रात्री गादी क्रेटला खेटून. पिल्लू कुरकुरलं तर जाळीतून दोन बोटं आत घाला, बोलू नका. चौथ्या रात्रीपासून गादी ३ फूट लांब, आता हात पोचत नाही पण श्वास ऐकू येतो. सातव्या रात्रीच्या आसपास हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मग बेडरूमच्या उंबरठ्याआत गेटच्या पलीकडे दार सताड उघडं ठेवून, आणि मग पलंगावर. हे रात्रींचे आकडे फक्त अंदाजासाठी आहेत. खरं मोजमाप पिल्लाचं: सलग दोन रात्री ते दहा मिनिटांच्या आत शांत झालं, तरच पुढे सरका. काही पिल्लं आठ दिवसांत इथवर येतात, काहींना महिना लागतो. देशी पिल्लांचे कान तिखट असतात, त्यांना बरेचदा थोडा जास्त वेळ द्यावा लागतो.

दार बंद करणं ही वेगळी पायरी समजा. पलंगापर्यंत सगळं सुरळीत होतं आणि पहिल्या बंद दाराला पिल्लू भुंकून घर डोक्यावर घेतं, हे अगदी नेहमीचं. दोन रात्री दार चार बोटं उघडं ठेवा, मग ओढून घ्या. आणि त्याआधी बंद दाराचा दिवसाचा सराव पंधरा मिनिटांपर्यंत पोचलेला हवा. दार लावल्यावर आवाज नीट येत नसेल तर जुना मोबाइल व्हिडिओ कॉलवर लावून क्रेटजवळ ठेवा.

शूसाठी गजर लावा, रडण्याची वाट पाहू नका. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवून जो आकडा येईल तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. झोप साडेदहाला तर गजर दीडला आणि साडेचारला. उठवा, उचलूनच न्या (चालत गेलं तर वाटेतच बसतं), दिवा मंद, बोलणं नाही, पाच मिनिटं थांबा, झाली की परत जागेवर. सलग तीन रात्री जागा कोरडी राहिली की गजर १५ मिनिटांनी पुढे ढकला. चार महिन्यांच्या आसपास बहुतेक पिल्लं सहा-सात तास काढतात. गजर रडण्याच्या आधी लावायचा कारण एकच: रडल्यावर माणूस येतो, हा धडा पिल्लाला मिळू नये.

तरीही रडलं तर? आधी कानाने ओळखा. थांबून थांबून, उतरत्या आवाजातली कुरकुर म्हणजे झोपेची झटापट, ती सोडून द्या. आवाज चढत गेला, थांबेच ना, तर तीन-चार मिनिटांपलीकडे वाट पाहू नका. आवाजात श्वासापुरता खंड पडला की त्या क्षणी जा, म्हणजे आवाज वाढवल्यामुळे तुम्ही आलात असं त्याला वाटणार नाही. त्याला शू करवा, शांत करा, आणि त्या रात्री गादी एक पायरी मागे, म्हणजे पिल्लाच्या जवळ, आणा. अंतर झेपलं नाही, एवढाच याचा अर्थ. सगळ्यात वाईट काय, तर एका रात्री तासभर रडू देणं आणि दुसऱ्या रात्री वीस मिनिटांनी वैतागून पलंगावर घेणं. चिकाटीने रडलं की शेवटी पलंग मिळतो, हे त्याच्या पक्कं डोक्यात बसतं आणि पुढच्या खेपेला ते आणखी जास्त वेळ रडतं. शेजाऱ्यांना मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, आठ-दहा दिवस आवाज होईल म्हणून. आधी सांगितलेलं लोक सहन करतात.

गाडी कुठे अडते

एसी. आपल्याकडे बहुतेक घरांत तो फक्त बेडरूममध्ये असतो, आणि मे महिन्यात पिल्लू दाराखालच्या फटीला नाक लावून बसतं. ते माणसासाठी बसलेलं नसतं, गार हवेसाठी असतं. हॉलमध्ये पंखा क्रेटच्या दिशेने, क्रेटवर कापड टाकलं असेल तर ते पूर्ण काढलेलं, खाली गोधडीऐवजी ओला करून पिळलेला टॉवेल किंवा नुसती फरशी द्या. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या पिल्लांना कडक उन्हाळ्यात बिनएसीच्या खोलीत ठेवून हा सराव करूच नका. पाऊस सुरू होईपर्यंत थांबा.

आजी-आजोबा. तुमचं दार बंद असतं, त्यांचं उघडं असतं, आणि पिल्लाला हे दोन दिवसांत कळतं. पहिल्या रात्रीआधीच घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा. "बिचारं एकटं आहे" म्हणणाऱ्या आजीला दिवसाच्या डुलक्यांचं काम द्या. क्रेटशेजारी खुर्ची टाकून ती पोथी वाचत बसली तर त्यासारखी मदत दुसरी नाही.

फिनाईल. शू झालेली फरशी फिनाईलने पुसली की आपल्याला स्वच्छ वाटते, पण पिल्लाच्या नाकाला खालचा वास तसाच येतो आणि ते पुन्हा तिथेच करतं. शिवाय फिनाईलमधली रसायनं चाटण्यात येतात. कुत्र्यांच्या शूसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा, ते मिळेपर्यंत पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात.

साडेतीन ते सहा महिन्यांत दात बदलताना नीट झोपणारं पिल्लूही पुन्हा उठायला लागतं. झोपण्याआधी गार गाजर किंवा गोठवलेला ओला रुमाल चघळायला द्या. दिवाळीच्या आठवड्यात नवी पायरी चढू नका. फटाक्यांच्या रात्री त्याच्याजवळच झोपा, नंतर दोन दिवसांत गाडी पुन्हा रुळावर येते.

आधीच पलंगावर झोपणारा कुत्रा असेल तर

सात-आठ महिन्यांच्या कुत्र्याला एका रात्रीत बाहेर काढू नका. पलंगावरच त्याची वेगळी चटई ठेवा, चार-पाच दिवस फक्त त्या चटईवर. मग तीच चटई पलंगाशेजारी जमिनीवर, मग दाराशी, मग दाराबाहेर. इथे जागा सरकवण्यावाचून इलाज नाही, म्हणून चटई मात्र तीच ठेवा आणि या काळात ती धुऊ नका. रात्री तो पलंगावर चढला तर न बोलता खाली उतरवा, दहा वेळा चढला तर दहाही वेळा.

कधी थांबायचं

८ आठवड्यांहून लहान पिल्लाला हे शिकवू नये. इतकं लहान पिल्लू विकायला २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनी मनाईच आहे, तरी अशी पिल्लं घरात येतात. त्यांना माणसाजवळच झोपू द्या. जुलाब, उलटी, खोकला असेल किंवा लस दिलेली रात्र असेल, तर तुम्ही गादी घेऊन त्याच्याजवळ जा. पिल्लू जाळी चावून हिरड्या रक्तबंबाळ करत असेल, लाळेने छाती भिजवत असेल, आवडीचा खाऊही जागेवर शिवत नसेल आणि आठवडाभरात यात फरक पडत नसेल, तर क्रेटचं दार काढून टाका, त्याच्याशेजारी झोपा आणि पशुवैद्यांना दाखवा. त्यांना दाखवायला रात्रीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. पिल्लू किती वाजता, किती वेळ आणि कशानंतर रडतं हे कागदावर लिहून न्या.