‘स्टार ट्रेक’चे पडेल भाग बघायला बसण्याआधी

सगळ्यात आधी बैठकीचा शेवट ठरवा. ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अमेरिकी अंतराळमालिकेचे पडेल भाग कोणते बघायचे ते नंतर. शेवटी कोणता चांगला भाग लावायचा तो आजच निवडा, डाउनलोड करा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून टीव्हीवर दोन मिनिटं चालवून बघा. मागच्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं. पडेल भाग सगळे तयार, चांगला मात्र ‘ऐनवेळी नेटवरून लावू’ म्हणून सोडलेला, आणि ऐनवेळी नेट गेलं. भाचा ही मालिका पहिल्यांदाच बघत होता. त्याच्या लेखी ‘स्टार ट्रेक’ म्हणजे बिनमेंदूच्या माणसाला रिमोटवर चालवतात ती मालिका. आता कितीही सांगा, पोरगं दुसरा भाग बघायला तयार नाही.

आता निवड. मूळ मालिका ७९ भागांची, १९६६ ते १९६९. पडझड बहुतेक तिसऱ्या सीझनमधली. ती का झाली हे जमलेल्यांना आधी सांगा, नुसती टिंगल अर्ध्या तासात शिळी होते. दुसऱ्या सीझननंतर मालिका बंद पडायची वेळ आली होती, चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून टिकली. मग एनबीसी या अमेरिकी वाहिनीनं तिला वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची. जी तरुण पोरं ही मालिका बघायची ती शुक्रवारी रात्री घरात थांबतात होय? वर पैसाही कमी केला. मालिकेचे जनक जीन रॉडेनबरींनी रोजच्या कामातून अंग काढून घेतलं आणि फ्रेड फ्रायबर्गर निर्माते म्हणून आले. म्हणून सगळं खापर त्यांच्याच डोक्यावर फोडू नका. दुसऱ्या सीझनमधला ‘द ओमेगा ग्लोरी’ खुद्द रॉडेनबरींनी लिहिलाय, आणि त्यात परग्रहावर चक्क अमेरिकेची राज्यघटना निघते.

‘स्पॉक्स ब्रेन’ घ्यायचाच. एक बाई अंतराळजहाजावर येते, सगळ्यांना बेशुद्ध करते आणि जहाजावरचा अधिकारी स्पॉक याचा मेंदू काढून नेते. तिच्या जमिनीखालच्या वस्तीचा कारभार चालवायला मेंदू हवा असतो म्हणे. इकडे डॉक्टर मॅकॉय उरलेल्या स्पॉकला एक यंत्र बसवतो, हातात बटणांचा डबा घेतो आणि त्याला चालवत सोबत नेतो. स्पॉक झालेल्या लिओनार्ड निमॉयचा चेहरा तेव्हा बघा, माणूस किती शिस्तीचा नट होता ते कळतं. शेवटी मेंदू परत बसवताना मॅकॉय मध्येच सगळं विसरतो आणि टेबलावर पडलेला स्पॉकच त्याला पुढचं सांगतो. एवढं झालं तरी भांग मोडत नाही! केसांकडे लक्ष ठेवा, असं आधी सांगून ठेवा.

हा भाग २० सप्टेंबर १९६८ चा. पुढच्याच आठवड्यात, २७ तारखेला, ‘दी एंटरप्राइज इन्सिडेंट’ लागला: शत्रूच्या, म्हणजे रोम्युलनांच्या, जहाजावर घुसून त्यांचं जहाज अदृश्य करणारं यंत्र पळवायचं, असा घट्ट बांधलेला भाग. तेव्हाच्या प्रेक्षकांना आठवड्यात उतारा मिळाला, तुमच्या पाहुण्यांना त्याच रात्री मिळायला पाहिजे. झाला डाउनलोड? नसेल तर वाचणं थांबवा आणि आधी तो लावा. ‘द थोलियन वेब’ही चालेल. पण एक तरी हवा.

‘द वे टू ईडन’मध्ये अंतराळातले हिप्पी गाणी म्हणतात आणि स्पॉक त्यांना साथ करतो. मूळ कथा डी. सी. फोंटाना यांची. ती इतकी बदलली की बाईंनी आपलं नाव काढून टोपणनाव लावलं. ‘दी एंटरप्राइज इन्सिडेंट’ही त्यांचाच, म्हणून ही जोडी पाठोपाठ लावली तर जास्त रंगते. ‘स्पेक्टर ऑफ द गन’ मात्र पडेल यादीत घालू नका. पैसे नव्हते म्हणून गावातल्या घरांच्या नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केल्या, मागे लाल आभाळ. पण त्यानंच तो भाग अंगावर येतो. ‘टर्नअबाउट इन्ट्रूडर’ हा शेवटचा भाग लावणार असाल तर वहिनींना आधी कल्पना द्या. बाईला जहाजाची कप्तान होता येत नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. न सांगता लावलात तर पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा.

घरातली तयारी. लातुरात असाल तर नळ येण्याचा दिवस टाळा, नाहीतर ऐन शस्त्रक्रियेत अर्धी मंडळी हंडे-बादल्या घेऊन अंगणात. उन्हाळा असेल तर कूलर लागणार, आणि कूलरच्या घरघरीत जहाजाचा कप्तान कर्क काय बोलतो ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. सबटायटल चालू ठेवा. इन्व्हर्टरवर टीव्हीचा पॉइंट आहे का ते दिवसा बघा. आपल्याकडे बहुतेकांनी पंखा आणि दोन बल्ब एवढंच जोडलेलं असतं, आणि लाईट गेल्यावर ते समजतं. राउटरचंही तेच. आणि राउटर चालू असला तरी नेट असेल याची खात्री नाही, म्हणून चौथ्यांदा सांगतो, चांगला भाग मोबाइलमध्ये उतरवलेला पाहिजे.

माणसं. मालिका आवडणारे दोघे-तिघे हवेतच, नुसते टवाळ जमवले तर सगळी संध्याकाळ कचरा. नवा माणूस असेल तर त्याला पडेल भाग दोनच दाखवा. भाग साधारण पन्नास मिनिटांचा, गणित आधीच करा.

जेवण धपाटे, दही, ठेचा. एका हातानं खाता येतं, विषय संपला. चहा दोनदा.

मग काय, लावा. मध्ये थांबवून भाषणं देऊ नका. साडेनऊ वाजले की पडेल भाग बंद, कुठेही असो. कुणी ‘उरलेलं उद्या बघू’ म्हणत उठायला लागला तर दाराची कडी लावा आणि चांगला भाग सुरू करा. मोबाइल चार्जिंगला लावलाय ना?