कार्ड रीडर घेताना आधी स्वतःचं कार्ड वाचा

लग्नसराईत शूट संपवून रात्री एकला घरी पोचायचं, कॅमेऱ्याची दोन मेमरी कार्डं भरलेली, सकाळी सातला परत हळदीला निघायचं आणि कॉपी मात्र अर्धा तास झाला तरी चालूच. हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना रीडर, म्हणजे कार्डातले फोटो कॉम्प्युटरवर उतरवणारी डबी, ही किरकोळ वस्तू वाटत नाही. माझा एक स्वस्तातला रीडर तर कॉपी अर्धी झाल्यावर आपोआप डिस्कनेक्ट व्हायचा, तेव्हापासून मी घेताना नीट बघून घेतो.

तर पहिलं काम, कॅमेऱ्यातलं कार्ड काढा आणि त्यावर काय छापलंय ते वाचा. एसडी कार्डावर रोमन एक (I) असेल तर ते यूएचएस-१ (यूएचएस म्हणजे कार्डाच्या स्पीडची श्रेणी), त्याची हद्द सेकंदाला १०४ एमबी, हातात नव्वदच्या आसपास येतात. रोमन दोन असेल तर यूएचएस-२, हद्द ३१२, आणि कार्ड उलटं केलं की पिनांची दुसरी ओळ दिसते. यूएचएस-१ कार्डाला महागडा यूएचएस-२ रीडर लावून स्पीड वाढत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. उलट केलंत, म्हणजे भारी कार्ड आणि यूएचएस-१ रीडर, तर ती दुसरी ओळ वापरलीच जात नाही, कार्डाचे जास्तीचे पैसे कॉपीच्या वेळी वायाच.

इथे एक गोम आहे. सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम प्रो कार्डावर २०० एमबी छापलेलं असतं आणि शेजारी रोमन एकच. १०४ च्या वर कसं काय? तर कंपनीची स्वतःची वेगळी पद्धत आहे, ती समजणारा रीडर असला तरच तो आकडा मिळतो, साध्या रीडरमध्ये तेच कार्ड पुन्हा नव्वदवर. कार्ड डुप्लिकेट निघालं असं लगेच समजू नका, आधी रीडर बघा.

सीएफएक्सप्रेस, म्हणजे एसडीहून फास्ट असलेली वेगळ्या प्रकारची कार्डं, वापरणाऱ्यांनी टाइप बघावा. सोनीत टाइप ए, निकॉन-कॅननमध्ये टाइप बी, एकाच्या स्लॉटमध्ये दुसरं बसत नाही. टाइप बी आणि एक्सक्यूडी (त्याआधीचा कार्डाचा प्रकार) मात्र एकाच आकाराचे, बसतात पण रीडर दोन्ही वाचेलच असं नाही, बॉक्सवर दोन्ही नावं असतील तरच घ्या.

आता घोडं सगळ्यात जास्त अडतं ते केबलवर. मोबाईलच्या चार्जरसोबत आलेली सी-टाइप केबल बऱ्याचदा आतून यूएसबी २ असते, दिसायला सेम, पण सेकंदाला ३५-४० एमबीच्या पुढे जात नाही. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड त्या केबलने अर्धा तास घेतं, यूएचएस-१ ला बारा मिनिटं पुरतात आणि चांगल्या यूएचएस-२ कार्ड-रीडरच्या जोडीला चार-साडेचार. म्हणून रीडरसोबत आलेलीच केबल वापरा, तिला मार्करने खूण करा. कॉम्प्युटरचा यूएसबी पोर्ट ५ जीबीपीएसचा असला तरी एसडीला पुष्कळ झाला, १० जीबीपीएस लागतो तो सीएफएक्सप्रेसला. शक्यतो केबल वेगळी निघणारा रीडर घ्या, कारण चिकटलेली वायर मुळाशी तुटली की अख्खा रीडर फेकावा लागतो.

आणि कॉपी कुठे करताय? पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या आसपासच लिहिते, मग रीडर कितीही फास्ट असो, तिथे येऊन थांबणारच. आधी एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कहून फास्ट ड्राइव्हवर, उतरवा, हार्ड डिस्कची कॉपी मागाहून, आपण झोपलो असताना झाली तरी चालते.

पार्सल आलं की परत करायची मुदत संपायच्या आत टेस्ट करा, आणि दोन-चार फोटोंनी नाही, सलग ४०-५० जीबी उतरवा. मध्येच स्पीड कोसळतोय का, रीडर हात लावता येणार नाही इतका तापतोय का, केबल जरा हलवली की कार्ड गायब होतंय का ते बघा. दोन स्लॉट असतील तर दोन्हीत कार्डं घालून एकदम कॉपी लावा, काही रीडर एका वेळी एकच वाचतात. शेवटी फाइल्सची संख्या आणि एकूण साइज जुळवा, चार-पाच रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातले प्रोसेस न केलेले मूळ फोटो) उघडून बघा. केबल हलवून एकदा जरी डिस्कनेक्ट झाला तरी दुसरी केबल लावून बघा, तरीही तेच होत असेल तर सरळ परत पाठवा, आणि तोवर कार्ड फॉरमॅट करू नका.