गोवालपारिया गाणं शिकायचं असेल तर

आसामचं लोकगीत म्हटलं की आपल्याकडे बिहूच आठवतो. लोकगायिका प्रतिमा बरुआ पांडे गायच्या ते गोवालपारिया गाणं निराळं. ते धुबरी जिल्ह्यातल्या गौरीपूरच्या बाजूचं, गदाधर नदीकाठचं, आणि त्याची सोयरीक कूचबिहार-रंगपूरच्या भावइया या लोकगीतांशी. तेव्हा बिहूचा ढोल आणि पेपा (म्हशीच्या शिंगाची पिपाणी) डोक्यातून काढूनच शिकायला बसा.

सुरुवात त्यांच्या संथ गाण्यांपासून करा. संथ ते भावइया, चटपटीत ते चटका. चटका सोपा वाटतो, पण शब्द तोंडात बसले नसतील तर पहिल्या दोन ओळींतच जीभ अडखळते. निवडलेलं गाणं तीनदा ऐका. एकदा नुसती चाल, एकदा शब्द, आणि तिसऱ्यांदा कागदावर ओळी मांडून आवाज जिथे तुटतो तिथे खूण करत.

हे तुटणं, तिकडच्या बोलीत ‘गला भांगा’, म्हणजे या गायकीचा जीव. लांब ओढलेला स्वर मध्येच मोडतो, छातीतला आवाज क्षणभर डोक्यात चढतो आणि स्वराला ‘ह’ चिकटतो. सरावासाठी ‘आ’ लावून सावकाश वर चढत जा. जिथे आवाज आपोआप पलटू पाहतो, तो उंबरठा हेरा आणि तिथे मुद्दाम ‘आ-हा’ करा. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत. घसा खवखवला तर थांबा, कारण जोर लावून हे येत नाही. शास्त्रीय शिकलेल्यांची चूक ठरलेली: त्या जागी मुरकी घेतात, किंवा उंबरठा गुळगुळीत करून टाकतात. मग गाणं गोड होतं, पण भावगीतासारखं. दुसरी चूक पट्टीची. पट्टी खूप खाली धरली तर आवाज पलटायला जागाच उरत नाही. पेटीही शक्यतो नको, तिचे सलग सूर ते तुटणं झाकून टाकतात.

उच्चारात मराठी माणसाला ‘ट’ आणि ‘त’ यांचा त्रास नाही. अडतं ते ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्यापाशी, कारण तिथे ‘न’ आणि ‘ल’च. शब्दातला ‘अ’ ओठ थोडे गोल करून म्हणा. प्रमाण असमियात ‘स’ घशातून, ‘ख’कडे झुकून येतो, ती लकब इथे आणू नका.

शब्दांचा अर्थ पाठ असलाच पाहिजे, नाहीतर तुटणारा आवाज नुसती करामत वाटते. माहूत ठाऊकच आहे. फांदी म्हणजे रानटी हत्तीच्या गळ्यात फास टाकणारा, कुनकी म्हणजे त्याची शिकवलेली हत्तीण, मइषाल म्हणजे म्हशी राखणारा, गाडियाल म्हणजे बैलगाडीवान. ही सगळी माणसं दीर्घकाळ घराबाहेर असतात आणि गाण्यात बोलते ती मागे राहिलेली बाई. प्रतिमाबाई कोलकात्यात जन्मलेल्या, गौरीपूरच्या जमीनदार घराण्यातल्या. ‘देवदास’वाले प्रमथेश बरुआ त्यांचे काका. वडील प्रकृतीशचंद्र ऊर्फ लालजी हत्ती पकडण्यात नावाजलेले. गाणी प्रतिमाबाईंनी माहूत-फांदींच्या तोंडून उचलली आणि राजवाड्याबाहेर मंचावर, आकाशवाणीवर नेली. 1988 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1991 मध्ये पद्मश्री, आणि 27 डिसेंबर 2002 रोजी त्या गेल्या. हत्ती पकडण्याचा तो धंदा वन्यजीव कायद्याने आता जवळजवळ संपवला आहे. गाण्यातला विरह तेवढा उरला.

साथीला दोतारा हवा. नाव दोतारा असलं तरी तारा बहुधा चार. लाकूड कोरून केलेला, पोटावर कातडं, बोटं फिरतात त्या पट्टीवर पडदे नाहीत. भावइयाच्या दोताऱ्याला सुती किंवा रेशमी पिळाचा दोरा लावतात, म्हणून आवाज ठोसर आणि लवकर विझणारा. धातूची तार चढवली तर झंकार वाढतो आणि गाणं बाऊलकडे, म्हणजे बंगालच्या फिरस्त्या साधूंच्या गाण्याकडे, सरकतं. पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं. आपली दिमडी शेकतात तसं कातडं लांबून, हलकेच शेका आणि मगच सूर लावा. उलट क्रमाने केलंत तर दोन ओळींत सूर चढून बसेल. पडदे नसल्यामुळे बोट सरकवून स्वर गाठायचा, त्यासाठी आधी ‘सा’ आणि ‘प’च्या जागा डोळे मिटून सापडायला हव्यात.

सारिंदा, म्हणजे गजाने वाजवायचं तिकडचं तंतुवाद्य, मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर त्याच्या जागी व्हायोलिन घुसवू नका, बासरी चालेल.

शेवटी स्वतःचं गाणं फोनवर रेकॉर्ड करा आणि कागदावरच्या खुणांशी ताडून पाहा. दहातल्या चार खुणांवर आवाज खरोखर तुटला असेल तर दुसरं गाणं हाती घ्यायला हरकत नाही.