घोटा जाम झालाय? फक्त पोटरी ताणून होत नाही भाऊ

नागपुरात रेशीमबागच्या ग्राउंडवर सकाळी पोट्टे खेळायला येतात, त्यातल्या दर दुसऱ्याचा घोटा कधी ना कधी मुरगळलेला असतेच. सूज उतरली, दुखणं गेलं, पण खाली बसलं की टाच उचलते आणि स्प्रिंटमधून थांबताना पाय अडकल्यासारखा वाटते. मग काहून तर रोज पोटरी ताणत बसतात, फरक शून्य.

आधी मोजा. भिंतीसमोर अनवाणी उभं राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाय हळूहळू मागे सरकवत जा, जिथं टाच उचलू लागते त्याच्या आधीचं अंगठा ते भिंत अंतर लिहून ठेवा. साधारण 10 सेंमी आलं तर बरं, पण खरं पाहायचं ते दोन्ही पायांमधला फरक. दोन सेंमीच्या आसपास फरक असला तर काम आहे. ताण पोटरीत मागे लागत असेल तर स्ट्रेचिंग करा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही. पण घोट्याच्या पुढं अडल्यासारखं वाटलं तर गोष्ट सांध्याची आहे.

नडगीच्या खाली टॅलस नावाचं हाड असते, गुडघा पुढं गेला की ते थोडं मागे सरकायला पाहिजे, मुरगळल्यावर बरेचदा ते सरकणंच कमी होते. न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन या फिजिओची पद्धत इथं कामी येते. खेळाडूनं पाय स्टुलावर ठेवायचा, फिजिओनं समोर बसून अंगठा आणि तर्जनीच्या मधली बेचकी टॅलसवर लावायची, मागे दाब धरायचा, आणि दाब न सोडता खेळाडूनं गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढं न्यायचा. 10 वेळा, असे 3 सेट. हात कुठं लावला यावरच सगळं आहे, दोन्ही बाजूच्या घोट्याच्या हाडांच्या वर लावला तर तुम्ही नडगीच मागे ढकलून राहिले, म्हणजे उलटं काम. बेचकी त्या हाडांच्या खालीच पाहिजे. आणि करताना दुखायला नको, दुखलं तर दाबाची दिशा थोडी बदला, तरी दुखलं तर थांबा.

घरी एकटे असाल तर पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणा, मागे पलंगाच्या पायाला खाली बांधा, पुढून टॅलसवर अडकवा आणि तसाच गुडघा पुढं न्या. महागडा बँड नसला तरी चालते.

झालं की लगेच परत भिंतीजवळ मोजा, एखादा सेंमी वाढला तर जागा बरोबर सापडली समजा, आणि त्याच दिवशी एका पायावर उभं राहणं, काफ रेज (टाचा उचलून पंजावर येणं) असं काहीतरी कराच, नाहीतर मिळालेलं टिकत नाही.

ताजी दुखापत असेल, चार पावलं चालता येत नसेल किंवा हाडावर दाबलं की कळ येत असेल तर हात लावू नका बे, आधी एक्सरे. आणि पुढं दाटणं महिनोन्‌महिने तसंच राहिलं तरी डॉक्टरला दाखवा, जुन्या खेळाडूंमध्ये तिथं हाड वाढलेलं असू शकते, ते दाबून जात नाही.