फिजिशियन असिस्टंट होताना: पदवी, नोंदणी आणि संघटना

रुग्णाचा पूर्वेतिहास घेणे, राउंडच्या नोंदी ठेवणे, शस्त्रक्रियेत साहाय्य करणे, डिस्चार्ज समरी तयार करणे ही कामे फिजिशियन असिस्टंट डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतो. ठाणे किंवा नवी मुंबईत राहून या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी. विद्यापीठाची पदवी, कायद्याने होणारी नोंदणी आणि व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व या तीन स्वतंत्र बाबी आहेत आणि एकीने दुसरीचे काम भागत नाही.

सर्वांत जास्त काळजी प्रवेश घेताना घ्यावी, कारण इथे झालेली चूक पुढे सुधारता येत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन बारावी झाल्यावर अभ्यासक्रम निवडताना, महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे, की नेरूळ आणि कामोठे येथे आहेत तशा एखाद्या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे, हे माहितीपत्रकावरून न ठरवता विद्यापीठाच्या अधिकृत यादीत पाहावे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाला 'फिजिशियन असोसिएट' या नावाने अनुसूचीत स्थान दिले आहे. याच कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३६०० तासांची आणि तीन ते सहा वर्षांत विभागलेली असावी लागते. म्हणून प्रवेशापूर्वी एकूण तास, रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे तास आणि इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात होणार, ही माहिती लेखी मागावी. ती द्यायला टाळाटाळ करणारी संस्था माझ्या मते सोडून द्यावी. घरबसल्या पदवी देऊ करणाऱ्यांकडे तर वळूच नये. या कायद्याखालील अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मनाई केली आहे.

पदवीनंतर नोंदणी. कायद्यात राज्य परिषदेची आणि केंद्राची अशा दोन नोंदवह्यांची तरतूद आहे. अर्ज करण्यापूर्वी दहावीची गुणपत्रिका, पदवी आणि आधार कार्ड यांवरील नावाचे स्पेलिंग जुळवून घ्यावे. विवाहानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत सोबत ठेवावी. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे पत्र रुग्णालय सोडण्यापूर्वीच हाती घ्यावे.

भारतात हे शिक्षण १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाले. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिशियन असिस्टंट्स ही या व्यावसायिकांची देशपातळीवरील संघटना आहे. व्यवसायातील ज्येष्ठांची ओळख आणि आपल्या प्रश्नांसाठी सामूहिक आवाज यांसाठी सदस्यत्व जरूर घ्यावे, परंतु ते सरकारी नोंदणी नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे बीएलएस आणि एसीएलएस हे जीवरक्षणाचे अभ्यासक्रमही करावेत. त्यांची प्रमाणपत्रे दोन वर्षांनी नूतनीकरण करावी लागतात.

परदेशाविषयी विशेष सावध राहावे. अमेरिकेत हा व्यवसाय १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात सुरू झाला. तिथे एनसीसीपीए ही संस्था पॅन्स नावाची ३०० प्रश्नांची परीक्षा घेते. ती उत्तीर्ण झालेल्याला नावापुढे 'पीए-सी' (प्रमाणित फिजिशियन असिस्टंट) लावता येते आणि दर दोन वर्षांनी निरंतर शिक्षणाचे १०० क्रेडिट नोंदवावे लागतात. त्यानंतरही प्रत्यक्ष कामासाठी त्या त्या राज्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. एएपीए ही तिथली सदस्यांची संघटना असून परीक्षा किंवा परवाना यांच्याशी तिचा संबंध नाही. मुख्य अट अशी की पॅन्सला बसण्यासाठी एआरसी-पीए या संस्थेने मान्यता दिलेल्या अमेरिकी अभ्यासक्रमाची पदवी लागते. भारतातील पदवीवर ही परीक्षा देता येत नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२४ पासून या व्यवसायाचे नियमन डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे आहे. अमेरिकेतील या अटीमुळे भारतीय पदवीवर थेट अमेरिकेत नोकरीचे आश्वासन देणारा सल्लागार भेटला, तर पॅन्सची पात्रता कोणत्या नियमाने मिळणार हे त्याच्याकडून लिहून घ्यावे, एनसीसीपीएच्या नियमांशी ताडून पाहावे आणि तोवर एक रुपयाही शुल्क भरू नये.