आईसाठी धावताना नडगीचे दुखणे कसे आवरले

आईला कर्करोगाने नेल्यानंतर तिच्या स्मरणार्थ, रुग्णांच्या उपचारासाठी निधी उभारणाऱ्या अर्धमॅरेथॉनमध्ये, म्हणजे 21.0975 किलोमीटर, धावायचे मी ठरवले आणि मार्चमध्ये जळगावच्या मेहरूण तलावाभोवती सराव सुरू केला. उत्साहाच्या भरात तीन आठवड्यांत आठवड्याचे अंतर दहावरून तीस किलोमीटरवर नेले. परिणामी दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला पाऊल टाकताच कळ येऊ लागली.

हाडाला तडा गेलेला नाही, अंतर अचानक वाढवल्याने हाडालगतच्या भागावर ताण आला आहे, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले. दोन आठवडे धावणे बंद करून मी फक्त सायकल चालवली. बर्फ कापडात गुंडाळून रोज पंधरा मिनिटे नडग्यांवर धरला आणि पायरीवर उभे राहून टाचा उचलण्याचा व्यायाम केला. झिजलेले बूट टाकून दिले, याचे मला उगाच वाईट वाटले, कारण आईने त्यांना एकदा हाताने टाके घातले होते. पुन्हा सुरुवात केली ती सिमेंटच्या रस्त्याऐवजी मातीच्या वाटेवर, लहान पावले टाकत आणि दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आतच अंतर वाढवत.

खानदेशातले ऊन मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत जाते, म्हणून पहाटे साडेचारला निघत असे आणि लिटरभर पाण्यात सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालून सोबत नेत असे.

जुलैअखेर सोळा किलोमीटर झाले आणि नडगी दुखली नाही.